राजाईला विचारलं होतं का?

(पंढरपूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आमची आजी जाऊन वर्ष होऊन गेले. २०२४ सालचा माघ महिना होता, रानात ज्वारीची काढणी चालू होती. सकाळी तिने विचारले, "काढणी कुठवर आली?" दुपारी ती गेली. तुमच्यातल्या जुन्या माणसांना ती आठवत असेल. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी आणि चटणी. बैठकीला आली की बायांच्या पहिल्या रांगेत बसायची आणि शेवटपर्यंत उठायची नाही.

कार्यकर्त्यांनी सांगितले, आजीविषयी दोन शब्द बोला. आम्ही सगळी नातवंडे बसलो आणि काय बोलायचे ते ठरवले. आजी प्रेमळ होती, कष्टाळू होती, हे सांगायला तुमचा वेळ घ्यायचे कारण नाही. सगळ्यांच्याच आज्या तशा असतात. आम्हाला सांगायचे आहे ते तिच्या तेराव्याला आमच्या घरात काय झाले ते. त्यात चूक आमची आहे. ती झाकायची नाही असे आम्ही ठरवले आहे. पण ती कळायला आधी आजीचे आयुष्य थोडे सांगावे लागेल.

माहेरी कापूस, सासरी ज्वारी

आजीचे माहेर बार्शी तालुक्यातले. १९५५ साली लग्न झाले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्या वेळी बार्शीहून पंढरपूरला छोटी रेल्वे होती, तिला सगळे बार्शी लाईट म्हणत. १९०६ साली ती पंढरपूरपर्यंत आली होती. त्या गाडीने वऱ्हाड पंढरपुरात उतरले आणि पुढे बैलगाडीने मंगळवेढ्याच्या बाजूला आमच्या गावी आले. मागून चार दिवसांनी आजीचा भाऊ एक गाय चालवत घेऊन आला. ती तिला आंदण दिलेली होती. या गाईची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

माहेरी गावरान कापूस होता. लहानपणापासून ती वेचणीला जायची. ती सांगायची, "कापूस येचायचा आम्ही, गाडी भरायची आम्ही. बाजारला कोन जायचं? बाप. पट्टी कुणाच्या नावानं निघायची? बापाच्या." कापूसवाल्या भावांनो, तुमच्याकडे आजही यात किती फरक पडला आहे ते तुमचे तुम्ही बघा. बोंडातून कापूस काढताना नखे फाटतात ती बायांची, आणि काट्यावर नाव लागते ते बाप्याचे.

सासरी आली तर इथे ज्वारी. मंगळवेढ्याची काळी, खोल जमीन. पाऊस पोटात धरून ठेवणारी. भाद्रपद-आश्विनात पेरायचे आणि मग पीक येते ते थंडीवर, दवावर. त्या मालदांडीचे नाव आता मोठे झाले आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाच्या कागदावर खुरपणाऱ्या बायांची नावे नसतात. तात्या, म्हणजे आमचे आजोबा, तिफणीवर मूठ धरायचे, तेव्हा मागून करडई टाकत आजी चालायची. खुरपणी तिची. काढणी दोघांची. पेंढ्या बांधणे, कणसे खुडणे, खळ्यावर वारे देताना सूप धरणे, सगळ्यात ती. आणि खळ्यावरून घरी आल्यावर चूल पेटवायची ती एकटीच.

एकदा आम्ही वही घेऊन तिच्या एका दिवसाचा हिशेब मांडायला बसलो. पहाटे चारला जात्यावर बसायची, रात्री दहाला भांडी घासून उठायची. उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतात हे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, "धरत्यात व्हय? मग दिली कुनाला?" भावांनो, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. कागदावर तिची मजुरी धरलेली असते. भाव असा मिळतो की ती कधी वसूल होत नाही. आणि चुकून एखाद्या वर्षी झालीच, तर ती बाईच्या हातात पडत नाही. म्हणजे आपल्या घरातली बाई दोनदा लुटली जाते. एकदा बाजारात, एकदा घरात. पहिल्या लुटीवर आपण इथे जमून पुष्कळ बोलतो. दुसरीविषयी बोलायला जीभ जरा जड होते.

बहात्तर सालची गाय

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. रानात पेरलेले उगवले नाही. तात्या सोलापूरच्या गिरणीत बदली कामगार म्हणून राहिले. काम मिळाले तर मिळाले, नाही तर फाटकावरून परत. आजी इथे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. ज्वारीच्या कोठारातली माणसे परदेशी मिलोची भाकरी खात होती. ती भाकरी थापताना मोडायची, आजी मोडलेले तुकडे जोडून तव्यावर टाकायची.

त्या साली एकदा तात्या सुट्टीवर घरी आले. दावणीला वैरण नव्हती. त्यांनी आजीची आंदणाची गाय सोडली आणि सांगोल्याच्या बाजारात नेऊन विकली. दुष्काळात गाईला काय किंमत येणार? आली ती घेतली. आजी संध्याकाळी खडीवरून परत आली तेव्हा दावण मोकळी होती. ती काही बोलली नाही. पोरांना जेवायला घातले आणि झोपली.

हे आम्हाला तिने फार नंतर सांगितले. आम्ही म्हणालो, तात्यांचे चुकले. ती म्हणाली, "न्हाय. इकायलाच पायजे व्हती. वैरण न्हवती, मेली आसती. मी बी इकलीच आसती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पर इचारायचं तर व्हतं."

परीस कोणाचा?

आषाढात रब्बीचे रान मोकळे असते. त्यामुळे आमच्याकडची माणसे निर्धास्तपणे वारीला निघतात. आजी आणि तात्या दर वर्षी पंढरपूरला चालत यायचे. महाद्वारात नामदेव पायरीवर पाय न देता आजी वाकून हात लावायची. पण नुसती पाया पडून ती पुढे जायची नाही. ती म्हणायची, "हितं राजाई हाय."

राजाई म्हणजे नामदेवांची बायको, आणि गोणाई त्यांची आई. नामदेवांचा थोरपणा आम्ही काय सांगावा? भागवत धर्माची पताका त्यांनी पंजाबात घुमानपर्यंत नेली. त्यांची पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. पण नामदेव पंजाबात होते तेव्हा पंढरपुरात घर कोण चालवत होते? चार मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे. पीठ कुठून येत होते? हा प्रश्न आमच्या आजीचा आहे. आणि तो काही तिने नव्याने काढलेला नाही. नामदेवांच्या गाथेत गोणाईच्या, राजाईच्या, सून लाडाईच्या नावाचे अभंग आहेत. घरात काही नाही, पोरे उपाशी आहेत, हे गाऱ्हाणे राजाई रखुमाईजवळ सांगते. वारकऱ्यांनी ते गाऱ्हाणे गाळले नाही, देवाच्या नावाबरोबर ते जपून ठेवले. हा त्यांचा मोठेपणा आहे.

परिसाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. परिसा भागवताच्या बायकोकडे परीस होता. राजाईचे हाल बघून तिने तो राजाईला दिला. राजाईने लोखंडाचे सोने केले, बाजारातून दाणे आणले, बऱ्याच दिवसांनी घरात स्वयंपाक झाला. नामदेव घरी आले, त्यांना हे कळले, आणि त्यांनी परीस चंद्रभागेत टाकून दिला. पुढे परिसा भागवत परीस मागायला आला तेव्हा नामदेवांनी वाळवंटातले ओंजळभर खडे काढले, ते सगळे परीस निघाले. कीर्तनात इथे टाळ्या पडतात.

आमच्या गावात एका कीर्तनाच्या वेळी याच जागी आजी बायांच्या बाजूने उठून उभी राहिली. म्हणाली, "महाराज, परीस टाकला ते चांगलं केलं. पर टाकायच्या आधी राजाईला इचारलं व्हतं का?" सगळे हसले. बुवा म्हणाले, "आजी, संतांना असं विचारू नये." आजी म्हणाली, "मी संतांना कुठं इचारती? मी नवऱ्याला इचारती."

त्या रात्री सगळ्यांबरोबर तात्याही हसले होते. हसून झाल्यावर ते बराच वेळ गप्प बसले होते, हे आमच्या वडिलांना आठवते.

ओढ्याकडचे चार एकर

१९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. राज्यभरातून लाखावर बाया आपापली भाकरी बांधून गेल्या. आमच्या भागातून ट्रक गेला, त्यात आजी होती. घराबाहेर एकटीने काढलेली ती तिची पहिली रात्र. परत आली तेव्हा तिला विचारले, काय ऐकलेस? ती म्हणाली, "समद्या बाया माझंच बोलत व्हत्या."

त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने स्वखुशीने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर बायांच्या नावे जमीन होईल त्या गावाला शरद जोशी स्वतः येणार. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे अशा पहिल्या गावांपैकी एक. आमच्या गावात शंभर काही भरल्या नाहीत. सतरा भरल्या. त्या सतरांत आमची आजी होती, ते १९९१ साल.

तात्यांची अकरा एकर जमीन होती. ते घरी येऊन म्हणाले, "चार एकर तुझ्या नावावर करायचं म्हणतो." आजीने विचारले, "कुठलं चार?" तात्यांच्या मनात माळाकडचे होते. आजी म्हणाली, "माळाकडचं नगं. वढ्याकडचं द्या." ओढ्याकडचे म्हणजे घरातले सगळ्यांत चांगले रान. तात्यांनी दोन दिवस घेतले आणि ओढ्याकडचे दिले. भावकीतल्या लोकांनी पुष्कळ चेष्टा केली. तहसीलात अर्ज, तलाठ्याकडे फेरफार, सगळे होऊन उतारा हातात आला. आजीला वाचता येत नव्हते. पण आपले नाव कागदावर कुठे आहे ती जागा तिला पाठ होती. तिथे बोट ठेवून ती दाखवायची.

त्या नावाचा उपयोग काय झाला? दोन प्रसंग सांगतो. तात्या एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिले होते. कर्ज थकले, वसुली तात्यांच्या सात एकरांवर आली. ते सोडवता सोडवता घर मेटाकुटीला आले. पण ओढ्याकडच्या चार एकरांना कोणी हात लावू शकले नाही, कारण ते आजीचे होते आणि आजीने कुठे सही-अंगठा दिलेला नव्हता. त्या वर्षांत घरात जी भाकरी झाली ती त्या चार एकरांची.

दुसरा प्रसंग बोअरचा. आमच्या वडिलांना आणि चुलत्यांना ओढ्याकडे बोअर घ्यायचे होते, त्यासाठी जमीन तारण द्यायची होती. आजी म्हणाली, "पानी लागलं न्हाय तर?" आणि अंगठा दिला नाही. घरात दोन महिने कोणी नीट बोलत नव्हते. आता कोणी विचारेल, आजीचे बरोबर होते का? आम्हाला सांगता येणार नाही. कदाचित पाणी लागले असते. कदाचित आम्ही आज बागायतदार म्हणून इथे उभे असतो. मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की घरातल्या दोन कर्त्या पुरुषांना बाईजवळ बसून विचारावे लागले आणि तिचे 'नाही' ऐकून घ्यावे लागले. सातबाऱ्यावर नाव असण्याचा अर्थ एवढाच आहे आणि तो लहान नाही.

शेवटची दोन वर्षे आजीला दिसत नव्हते. तात्या तिच्या ताटाशी बसायचे. "उजवीकडं पिठलं हाय, डावीकडं चटनी, भाकरी म्होरं." आणि वाढायच्या आधी प्रत्येक वेळी विचारायचे, "काय वाढू?" घरात बहुतेक वेळा पिठलेच असायचे. तरी विचारायचे.

तेराव्याचा कागद

आता आमची चूक. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, म्हणून आम्ही नातवंडांनी घाई केली. आजीने मृत्युपत्र केलेले नव्हते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे अशा वेळी बाईची जमीन मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखी जाते. आमच्याकडे दोन मुलगे, तीन मुली आणि तात्या, म्हणजे सहा वाटे. चार एकरांचे १६० गुंठे. एका वाट्याला साडेसव्वीस गुंठ्यांहून थोडे जास्त. आम्ही म्हणालो, असे तुकडे पडले तर तिफण वळवायलाही जागा राहायची नाही. तिन्ही आत्यांकडून हक्कसोडपत्र करून घ्यावे, त्यांना चांगली साडीचोळी करावी, म्हणजे मिटले. तुमच्या घरीही हेच होते. खोटे वाटत असेल तर सांगा.

मुद्रांकावर मजकूर लिहून तयार होता. तेराव्याला पंगत उठल्यावर आम्ही कागद काढला. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे जायचे होते, त्याआधी सह्या. थोरल्या आत्याने पेन हातात घेतले सुद्धा. तात्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारले, "कसला कागद?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "ह्यास्नी इचारलं का?" आम्ही म्हणालो, "त्या कशाला नाही म्हणतील?"

तात्या म्हणाले, "त्ये इचारनं न्हवं."

मग त्यांनी सगळ्यांसमोर गाईची गोष्ट सांगितली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "वैरण न्हवती ही खरी गोष्ट. पर मी तिला न इचारता गाय सोडली, कारण मला ठावं व्हतं ती न्हाय म्हननार न्हाय. तीच चूक हाय. ती न्हाय म्हननार न्हाय म्हनून आपन इचारत न्हाय."

थोरल्या आत्याने पेन खाली ठेवले. ती म्हणाली, "आम्ही सही करणारच होतो. जमीन नको म्हणून नाही. सही केली नाही तर माहेरचं दार बंद होईल म्हणून." भावांनो, हे ऐकताना आम्हाला मान वर करता आली नाही. आम्ही तिला अशा जागी उभे केले होते, की तिने स्वतःच्या आईची जमीन देऊन स्वतःच्या भावाच्या घरची भाकरी विकत घ्यायची. आणि हे करणारे आम्ही कोण? आजीबरोबर बैठकांना येऊन टाळ्या वाजवणारे.

कागद फाडला. वारस नोंदीत सहाही नावे लागली. आजीच्या नावाला उताऱ्यावर कंस झाला आणि खाली तिच्या तीन लेकींची नावे आली.

त्रास आहे, तो सांगितला पाहिजे

यात सगळे गोड झाले असे आम्ही सांगणार नाही. रानाचे तुकडे केले नाहीत, वाटे सामाईक ठेवले. कसतो आम्हीच. पीककर्जाला सगळ्या खातेदारांची संमतीपत्रे मागतात. धाकटी आत्या पुण्याला असते, तिला येता आले नाही, कर्जाला उशीर झाला. आम्ही चिडलो, तेही खरे आहे. पहिल्या सुगीला असे ठरवले, की खर्च वजा जाता निम्मी ज्वारी कसणाऱ्यांची आणि निम्मी सहा वाट्यांत. वीस पोती शिल्लक राहिली. प्रत्येक आत्याच्या घरी दीड पोत्याच्या वर ज्वारी पोचली. मधली आत्या म्हणाली, "लग्न झाल्यापासून माहेरची ज्वारी मी भेट म्हणून आणायची. ह्या साली माझी म्हणून आणली."

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरातल्या वहिवाटदारांमध्ये बायांचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास निघाले. रानात मात्र खुरपे घेऊन वाकलेल्यांत निम्म्याहून जास्त बायाच दिसतात. १९५६ चा कायदा आहे. २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती झाली. कायदा पुष्कळ आहे. तो तेराव्याच्या दिवशी साडीचोळीच्या घडीखाली दबून जातो.

म्हणून आमची विनंती मोठी नाही. घरी गेल्यावर उतारा काढा आणि त्यावर कोणाची नावे आहेत ती बघा. बायकोचे नाव नसेल तर ते लावण्याचा विचार करा, आणि लावताना माळाकडचे देऊ नका. घरातली एखादी बाई गेली असेल, तर कागद लिहायच्या आधी तिच्या लेकींना विचारा. "सही कर" म्हणू नका. "काय करायचं?" असे विचारा. त्यातली एखादी मनापासून नको म्हणेल. म्हणू दे. पण ते तिने म्हणायचे आहे, आपण गृहीत धरायचे नाही.

मायबहिणींनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. आजी दावणीची गाय गेली तेव्हा बोलली नाही. कीर्तनात बोलली. मधे पुष्कळ वर्षे गेली. तुम्ही एवढा वेळ लावू नका.

सोलापुरातल्या प्रत्येक कोरडवाहू घरात एक परीस असतो. जिच्या हातात तो असतो तिला न विचारता तो नदीत टाकायची आपली जुनी सवय आहे. नामदेवांच्या ओंजळीत खडेसुद्धा परीस झाले. आपल्या ओंजळीत खडे खडेच राहतात.

तात्या आज आलेले नाहीत. आता त्यांना प्रवास झेपत नाही. सकाळी निघताना आम्ही त्यांना सांगितले, आजीवर बोलायला पंढरपूरला चाललो आहोत, घरातले सगळे सांगणार आहोत. ते म्हणाले, "आत्यास्नी इचारलं का?"

विचारले होते. तिघीही हो म्हणाल्या, म्हणून बोललो. एवढे बोलून आम्ही थांबतो.